ताठरता येत नाही, टिकत नाही: तरुणांनी कोणत्या क्रमाने काय करायचं

लग्नानंतरची तिसरी रात्र. माझं वय २७. गेवराई तालुक्यातलं घर, पत्र्याच्या दोन खोल्या आणि मधे छतापर्यंत न पोचलेली भिंत. पलीकडे आई, मावशी आणि अजून मुक्काम न हललेले चार पाहुणे. बाज करकरते म्हणून आम्ही गादी खाली अंथरली होती. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी खोकललं आणि माझी ताठरता गेली. त्या रात्री परत आली नाही. पुढचे अकरा महिने धड आली नाही, कारण त्यानंतर दर वेळी बायकोजवळ जाताना माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं: आली का, टिकेल का, गेली का.

त्या अकरा महिन्यांत मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी आठवडी बाजारातला जडीबुटीवाल्याचा तंबू, मग मेडिकलवरून चोरून आणलेली गोळी, मग दोन मित्र, मग डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी बायको. आता ओळखीतली पोरं माझ्याशी यावर बोलतात, तेव्हा बहुतेक जण याच वाटेने पैसे आणि वर्षं घालवून आलेले असतात. म्हणून इथे सुलट क्रम लिहितो आहे. तो पाळलात तर निम्मी दगदग वाचेल.

आधी नेमकं काय होतंय ते ओळखा

आपल्याकडे 'कमजोरी' या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. इच्छाच होत नाही, ही एक. इच्छा होते पण लिंग ताठ होत नाही किंवा आत जाण्याआधीच ढिलं पडतं, ही दुसरी. ताठरता उत्तम असते पण वीर्य लवकर पडतं, ही तिसरी; हे शीघ्रपतन, त्याचे उपचार वेगळे. चौथी तक्रार कुणी सांगतच नाही, ती म्हणजे दुखणं. पुढची कातडी मागे सरकत नाही किंवा लिंगाच्या टोकाखालचा कातडीचा दोरा ताणला जातो, कळ येते आणि कळ आली की ताठरता जाते. अशा पोराला गोळीचा काय उपयोग? त्याला सर्जनकडे जाऊन कातडी दाखवायची असते, बऱ्याचदा लहानशा शस्त्रक्रियेने प्रश्न मिटतो.

हा लेख दुसऱ्या तक्रारीचा आहे. दमून आल्यावर, दारू जास्त झाल्यावर, नव्या नवरीसमोर पहिल्या दोन-चार रात्री ताठरता न येणं हा आजार नाही. तीन महिने होऊन गेले आणि बहुतेक वेळा तेच होतंय, तर मात्र पुढचं वाचा आणि कामाला लागा.

आत काय घडतं ते एकदा समजून घ्या

लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. मन उत्तेजित झालं की कण्याच्या खालच्या भागातून निघालेल्या नसा तिथे नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने नळ्यांतले स्नायू सैल पडतात, रक्त भरतं आणि फुगलेल्या नळ्यांखाली बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन रक्त आत अडकून राहतं. शरीरातल्या या नायट्रिक ऑक्साइडचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली.

याच्या बरोब्बर उलटं काम ॲड्रेनलिन, म्हणजे भीतीच्या वेळी अंगात सुटणारं हार्मोन, करतं. रानात पायाखाली साप आला की छाती धडधडते, घाम फुटतो; त्या वेळी शरीर सगळं रक्त हातापायांकडे पाठवतं आणि लिंगाकडे जाणाऱ्या नळ्या आवळून घेतं. आपल्या शरीराला साप कोणता आणि 'आज पण नाही जमलं तर?' ही धास्ती कोणती, हा फरक कळत नाही. विहिरीची मोटर चांगली आहे, पाइप चांगला आहे, पण कुणीतरी व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय, तसं होतं. जोर लावून व्हॉल्व्ह उघडत नाही, उलट जोर लावला की आणखी घट्ट बसतो.

दोन आठवडे सकाळची नोंद ठेवा

डॉक्टरांनी मला सगळ्यात आधी विचारलं, "सकाळी जाग येते तेव्हा ताठ असतं का?" मी लाजून मान खाली घातली. अकरा महिन्यांत कुणी हे विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते, स्वप्नं पडतात त्या झोपेच्या टप्प्यात. सकाळची ताठरता ही त्यातलीच शेवटची. त्या वेळी मनात भीती नसते, बायकोसमोर परीक्षा नसते. म्हणजे झोपेत येते तेव्हा नसा आणि रक्तवाहिन्या काम करत आहेत. कॅलेंडरवर रोज एक बारीक खूण करा: सकाळी होती की नव्हती, पूर्ण होती की अर्धवट. कुणाला कळणारही नाही.

सकाळी चांगली येते, एकटं असताना येते, पण जोडीदाराजवळ जाते आणि हे अचानक एका रात्रीपासून सुरू झालं, तर कारण बहुतेक मनातलं आहे. वर्षभरात हळूहळू कमी होत गेली, सकाळचीही गेली, एकट्यानेही येत नाही, तर रक्तवाहिन्या, हार्मोन किंवा नसा तपासाव्या लागतील. ही खूण शंभर टक्के खरी नसते. उदासीनता असेल, रात्रपाळी असेल, झोप चार तासांची असेल, तरी सकाळची ताठरता कमी होते. आणि तरुणांत बऱ्याचदा दोन्ही असतं: थोडं शरीराचं, त्यावर मनाने चढवलेला मजला. माझं तसंच निघालं.

डॉक्टर तुम्हाला पाच प्रश्नांचा एक कागद देतील, मागच्या सहा महिन्यांबद्दलचा. त्याचे २५ गुण असतात. २२ किंवा जास्त असतील तर ताठरतेचा आजार नाही, ७ किंवा कमी म्हणजे तक्रार तीव्र. तिथे खरं लिहा.

डॉक्टर कोणता, आणि तपासण्या कोणत्या

बसस्थानकामागच्या भिंतीवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' असं रंगवलेल्या ठिकाणी जाऊ नका. एमडी मेडिसिन झालेला फिजिशियन किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट, हे आपले डॉक्टर. कारण मनातलं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. तिकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. लैंगिक तक्रारींचं शिक्षण त्यांना दिलेलं असतं. खाजगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी गाठा. संभाजीनगरची घाटी, १९७४ पासूनचं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी: मराठवाड्यात हात पोचेल इतक्या अंतरावर ही रुग्णालयं आहेत. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग उभी असते, तिथे तोंडातून शब्द फुटत नाही हे मला माहीत आहे. "लघवीची तक्रार आहे" किंवा "मेडिसिनला दाखवायचंय" एवढं पुरतं. आत गेल्यावर मात्र पहिल्या वाक्यात सांगून टाका: "डॉक्टर, लग्नाला इतके महिने झाले, लिंग ताठ होतं पण टिकत नाही." चक्कर येते, कंबर दुखते अशी लांबून सुरुवात केलीत तर कंबरेच्या गोळ्या घेऊन परत याल.

तपासण्यांत पहिला मान शुगरचा. आपल्याकडे शुगर म्हणजे पन्नाशीचा आजार असं पक्कं बसलंय, पण वडिलांना किंवा आईला असेल तर तिशीच्या आतही ती चोरपावलांनी येते, आणि काही पोरांत ताठरतेची तक्रार हीच तिची पहिली हाक असते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, अथवा एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. माझी ६.१ आली होती. तोवर मी स्वतःला धडधाकट समजत होतो.

त्यासोबत बीपी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. आणि शिंप्याच्या टेपने बेंबीजवळ पोटाचा घेर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायचं. इच्छाही कमी झाली असेल तर टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनची तपासणी. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी ७ ते ११ च्या दरम्यानच द्यायचं, कारण दुपारी ते उतरतं, आणि कमी आलं तर दुसऱ्या एका सकाळी पुन्हा करायचं. एका कागदावर विसंबून इंजेक्शन सुरू करू देऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्रजंतू घटतात. मूल हवं असलेल्या पोराचं त्यात मोठं नुकसान होतं. जिममध्ये बॉडीसाठी घेतलेल्या इंजेक्शनांचंही हेच. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

रक्तवाहिन्यांची गोष्ट मनावर घ्या. लिंगाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. चरबी आणि तंबाखूने नळ्या खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून शारीरिक कारणाने ताठरता गेलेल्या माणसाचं हृदयही तपासून घ्यावं लागतं.

पुडी, दारू, झोप आणि बाकीचं

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि प्रत्येक फाट्यावर तो मिळतो. मी दिवसाला सहा पुड्या खायचो. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, रोज, दिवसभर. बाकी काहीही करा, तोंडात पुडी ठेवून ताठरतेवर उपचार म्हणजे एका हाताने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने बारं बुजवायचं. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत लाइन आहे. पहिले दहा दिवस वाईट जातात. मी खिशात बडीशेप आणि लवंग ठेवायचो. तोंडाला काहीतरी लागतं, तेवढं तरी भागतं.

दारूने धाडस येतं आणि ताठरता जाते, हे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. व्यायामात पळणं, भरभर चालणं, पोहणं, दम लागेल असं काहीही: एका वेळी ४० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा महिने. शेतातलं काम हाच व्यायाम असं म्हणून सोडून देऊ नका. हल्ली निम्मं काम ट्रॅक्टरवर आणि मोटरसायकलवर होतं. सोबत ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम करा. लघवी मधेच थांबवताना जो स्नायू आवळतो तो ओळखा, मग लघवी करत नसताना तो पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. गुण यायला किमान तीन महिने लागतात.

चालू औषधं तपासा. बीपीच्या काही गोळ्या, उदासीनतेच्या काही गोळ्या, केस गळतीवरची फिनास्टेराइड यांनी तक्रार येऊ शकते. स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर सोपी परीक्षा आहे: फोनसमोर ताठरता येते आणि बायकोसमोर येत नाही, तर सहा आठवडे व्हिडिओ बंद ठेवून बघा. त्यात जाणार काहीच नाही.

हस्तमैथुनाबद्दल मात्र शंका ठेवायला जागा नाही. त्याने नस वाकडी होत नाही, धातू पातळ होत नाही, ताठरता जात नाही. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो हे आजोबांकडून ऐकलेलं खोटं आहे. वीर्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथी बनवतात, रोज. या भीतीने खचलेल्या पोरांचं दुखणं इतकं नेहमीचं आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्येच त्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. र. धों. कर्वे मुंबईत १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि लोकांच्या शिव्या खात लैंगिक शिक्षणावर उघड लिहीत होते. शंभर वर्षं झाली, आणि आपण अजून तंबूत जाऊन मनगट पुढे करतो.

बायकोशी बोला, तेही पहिल्या महिन्यात

हे मी सगळ्यात शेवटी केलं आणि ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. मी रात्री उशिरा घरी येत होतो, मोटर बघायला म्हणून रानात झोपत होतो. मला वाटायचं, तिला कळत नाहीये. एका रात्री ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी पसंत नव्हते, तर आधीच सांगायचं होतं की हो." अकरा महिने ती स्वतःत खोट शोधत होती. तिकडे तिची आई फोनवर गोड बातमी कधी विचारत होती, इकडे माझी आई कोणत्या तरी देवाला नवस बोलून आली होती, आणि दोन्हीकडचं ऐकून घेणारी ती एकटी.

बोलायची वेळ निवडा. गादीवर, जमलं नाही त्या क्षणी बोलू नका. दिवसा, दोघंच असाल तेव्हा. रानातून परतताना, गाडीवर. तीन गोष्टी सांगा: मला ताठरता टिकत नाही, यात तुझा काहीही दोष नाही, आणि मी अमुक तारखेला डॉक्टरांकडे जातोय, येशील का? तिला जास्त काही नको असतं. "तू मला आवडतेस" हे तोंडाने म्हणा. आपल्याकडे ते गृहीत धरायची पद्धत आहे, आणि अशा वेळी ते गृहीत धरून चालत नाही.

मग डॉक्टर जो सराव सांगतात तो करा. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० च्या सुमारास तो रुळवला आणि आजही तोच वापरतात. पहिले दोन आठवडे संभोग पूर्ण बंद, दोघांनी ठरवून. फक्त जवळ पडणं, पाठ, हात, केस, मान यांवर हात फिरवणं. स्तन आणि लिंग सोडून. ताठरता आली तरी काही करायचं नाही, गेली तरी काही बोलायचं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत सगळ्या अंगाला स्पर्श, पण संभोग नाही. त्यानंतर ताठरता येऊ द्यायची, मुद्दाम थांबून जाऊ द्यायची, पुन्हा येऊ द्यायची. ती गेली की परत येते, हे शरीराने स्वतः बघितलं की धास्तीचा जीवच जातो. संभोग त्यानंतर. परीक्षा रद्द झाली की व्हॉल्व्ह आपोआप सैल होतो, आणि मला तरी कोणत्याही गोळीपेक्षा याचा गुण जास्त आला.

अडचण जागेची असते, हे मी विसरलेलो नाही. ऊसतोडीच्या कोपीत किंवा दोन खोल्यांच्या घरात दहा माणसांत एकांत आणायचा कुठून? आम्ही आतून पक्की कडी बसवली, भिंतीवरच्या मोकळ्या जागेला प्लायवूड ठोकलं, कुरकुरणारी बाज बाहेर काढली आणि आवाज करणारा जुना कूलर खोलीत आणला. साडेतीन हजारांत झालं. मी तंबूत याहून जास्त घालवले होते. काहीच शक्य नसेल तर दुपारची वेळ बघा, घर रिकामं असतं.

गोळी: कधी, कशी आणि कोणी अजिबात घ्यायची नाही

गोळीला मी वाईट म्हणणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीने, काही आठवडे, हरवलेला भरवसा परत आणायला ती चांगली कामाला येते. सिल्डेनाफिल २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये मिळते. रिकाम्या पोटी, साधारण तासभर आधी घ्यायची, परिणाम चारेक तास. मटणाचं जेवण करून घेतली तर उशिरा आणि कमी चालते. टाडालाफिल १० किंवा २० मिलिग्रॅम, जेवणाचा अडसर नाही, परिणाम ३६ तासांपर्यंत. काहींना रोज ५ मिलिग्रॅम देतात. कोणतीही गोळी इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना नसेल तर गोळी खाऊन घड्याळाकडे बघत बसल्याने काही होत नाही. एकदा चालली नाही म्हणून सोडू नका, पाच-सहा वेळा नीट पद्धतीने घेतल्याशिवाय निकाल लावू नका, आणि मात्रा स्वतः वाढवू नका.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा हृदयाचं कुठलंही नायट्रेट औषध घेत असाल तर यातली कोणतीही गोळी घ्यायची नाही. बीपी एकदम कोसळून माणूस दगावू शकतो. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखलं तर दवाखान्यात सगळ्यात आधी गोळी घेतल्याचं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

आता तंबू. काचेच्या बरण्या, मुळ्या, वाळवलेला कुठलातरी जीव. त्या माणसाने माझं मनगट धरलं, डोळे मिटले, 'धातू पाण्यासारखा झालाय' म्हणाला आणि चार हजार आठशेची भुकटी दिली. ती खाल्ल्यावर तासाभरात माझं तोंड तापायचं, नाक चोंदायचं, डोकं ठणकायचं आणि ट्यूबलाइट निळसर दिसायची. मला वाटलं जडीबुटीचा जोर. पुढे डॉक्टरांनी सिल्डेनाफिलचे दुष्परिणाम वाचून दाखवले तेव्हा मी गार पडलो: तोंड लाल होणं, नाक चोंदणं, डोकेदुखी, निळसर दिसणं. अशा भुकट्यांमध्ये ही गोळी कुटून घातलेली औषध नियंत्रकांना अनेकदा सापडली आहे. किती मात्रा आहे हे खाणाऱ्याला कळत नाही, आणि हृदयाच्या माणसाने तीच भुकटी खाल्ली तर? लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. भिंती मात्र रंगलेल्याच आहेत.

थांबायचं नाही, लगेच निघायचं

ताठरता चार तासांहून जास्त उतरली नाही आणि दुखतंय, तर रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर आतल्या नळ्या कायमच्या निकामी होतात. संभोगात 'कट' असा आवाज होऊन एकदम ढिलं पडलं, सूज आणि काळनिळं झालं, तर ती आतली फाट आहे, त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. गाडीवरून पडल्यापासून तक्रार सुरू झाली असेल, किंवा मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊन लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर कण्याची तपासणी ताबडतोब. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. कर्ज, दुष्काळ आणि वर हे, अशा तिहेरी ओझ्याखाली दबलेला पोरगा आमच्या भागात प्रत्येक गावात आहे. तुमचा मित्र गप्प झाला असेल तर तुम्ही लावा.

तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तर

मग युरोलॉजिस्ट लिंगाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करतात. ती सुरुवातीलाच कुणी करायला लावली तर 'कशासाठी' हे विचारा. त्यापुढे व्हॅक्यूम पंप, लिंगात द्यायचं इंजेक्शन आणि अगदी शेवटी आत बसवायचा इम्प्लांट, असे उपाय आहेत. तरुणांपैकी फार थोड्यांना तिथवर जावं लागतं.

मला पाच महिने लागले. पहिल्या दोन महिन्यांत फक्त आठ गोळ्या घेतल्या, नंतर लागल्या नाहीत. पुडी सुटली, एकदा परत लागली, पुन्हा सुटली. शुगर दर सहा महिन्यांनी तपासतो. मागच्या महिन्यात एचबीए१सी ५.६ आली. रिपोर्ट आणायला बायको सोबत होती, पाकीट तिनेच फोडलं.